धरमतरचे बंदर : नाका, वखारी आणि पाण्यावरची माणसे

कुलाबा जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम किल्ले उभे राहतात. अलिबागच्या पुळणीसमोरील कुलाबा, त्याच्या पाठीशी डोंगरावरील सागरगड, पेणेकडील सांकशी आणि या सर्वांवर छाया धरून असलेले कान्होजी आंग्रे यांचे नाव. हे सर्व योग्यच आहे. परंतु किल्ला हे लढणाऱ्यांचे स्थान होय. पोट भरणाऱ्यांचे स्थान म्हणजे बंदर. आपल्या ज्ञातीतील जी कुटुंबे आज मुंबईत, ठाण्यात व पनवेलीस स्थायिक झाली आहेत, त्यांपैकी अनेकांचे आजे-पणजे ज्या पायरीवरून प्रथम आगबोटीत चढले, ती पायरी धरमतरची होती. त्या धरमतरविषयी आपल्या स्मरणिकेत स्वतंत्र असे काही लिहिले जावे, म्हणून हा प्रयत्न आहे.

प्रथम नावाचा विचार करू. ‘तर’ म्हणजे नदी अगर खाडी होडीने ओलांडण्याची जागा. आपल्या कोकणात पूल फार उशिरा आले. त्यापूर्वी प्रत्येक खाडीवर अशा तरी होत्या. ‘धरम’ या शब्दाची फोड करू गेल्यास, उतारूंकडून पैसा न घेता धर्मार्थ पार नेणारी ती धरमतर, असा अर्थ सहज ओठावर येतो. ही व्युत्पत्ती ज्यास पटेल त्याने घ्यावी. निश्चित एवढेच की, या गावास जे नाव मिळाले ते देवावरून नव्हे, राजावरून नव्हे, तर पाणी ओलांडून देण्याच्या कामावरून मिळाले. आणि ते काम करणारे हात आपल्यासारख्यांचे होते.

अंबा नदी सह्याद्रीत उगम पावून पालीवरून नागोठण्यास येते आणि तेथून पुढे भरतीचे पाणी तिच्यात शिरू लागते. नागोठण्याजवळ इ. स. १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अल्लाउद्दिनाने बांधलेला दगडी पूल प्रसिद्ध आहे. त्याच्या खाली, समुद्राकडे, नदी रुंदावत जाते, दोन्ही काठांस खाजणे व खारबांध लागतात, आणि पेण तालुक्याच्या काठावर धरमतर व समोर अलिबाग तालुक्याचे शहाबाज अशी जागा येते. तेथून खाडी उत्तरेस वळत रेवस व करंजा यांच्या मधून मुंबईच्या बंदरात मिसळते. म्हणजे मुंबईहून पडाव निघाला आणि त्याने भरती साधली, तर पाणीच त्यास कोकणाच्या पोटात आणून सोडी. रस्ता बांधावा लागला नाही, घाट फोडावा लागला नाही. धरमतरच्या भाग्योदयाचे कारण हे एवढेच आहे. ते भूगोलाचे दान होय, कोणा शेठ-सावकाराचे नव्हे.

राजकीय दृष्टीनेही या पाण्यास एकदा मोठे महत्त्व आले होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा सांकशी तालुका, म्हणजे आजचा पेणचा प्रदेश, इंग्रजांकडे गेला. परंतु अलिबागकडील मुलूख आंग्र्यांकडेच राहिला आणि १८४० साली वारसाअभावी ते संस्थान खालसा होईपर्यंत तो तसाच होता. ही बावीस वर्षे धरमतरपाशी खाडीच्या एका काठी कंपनी सरकार आणि दुसऱ्या काठी आंग्रे सरकार, अशी स्थिती होती. होडी या काठावरून त्या काठास लागली की अंमल बदले. डोलीतील मासळीस मात्र सरहद्द ठाऊक नव्हती. ती भरतीबरोबर एकीकडे जाई व ओहोटीबरोबर दुसरीकडे येई, आणि तिच्यामागे जाणाऱ्या कोळ्याचे घर कोणत्या दौलतीत मोडते याची चौकशी तिने कधी केली नाही.

इंग्रजी अंमल स्थिर झाल्यावर तरीचा धंदा कागदावर आला. १८६८ साली मुंबई सरकारने तरींचा कायदा केला. सरकारने ज्या तरी सार्वजनिक म्हणून जाहीर केल्या, त्यांचे उतारूंवरील शुल्क ठरले आणि ते वसूल करण्याचा मक्ता लिलावाने देण्याची पद्धत रुळली. हा बदल वरवर किरकोळ वाटतो. परंतु माझ्या मते नाक्याच्या इतिहासातील मोठी घटना हीच. पूर्वी ज्याची होडी त्याची तर. लिलावानंतर ज्याच्या गाठीस पैसा त्याची तर, आणि होडी वल्हविणारा मजुरीवर राहिला. वल्हे तेच, पाणी तेच, माणूस तोच. फक्त पावतीवरील नाव दुसरे झाले. आपल्या ज्ञातीचा इतिहास शोधू जाता दप्तरात आपली नावे का सापडत नाहीत, याचा उलगडा बराचसा येथे होतो.

पुढे आगबोटी आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या छोट्या आगबोटी मुंबईच्या आसपासच्या खाड्यांतून उतारूंची ने-आण करू लागल्या, आणि धरमतर हे त्यांच्या नित्याच्या थांब्यांपैकी एक झाले. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे नाव झाल्यावरही आपल्याकडील जुनी माणसे बोटीला ‘शेफर्ड’च म्हणत. अलिबागच्या कचेरीत खटल्यास जाणारा, पेणेच्या बाजारास जाणारा, महाड-पोलादपूर मार्गे महाबळेश्वरास हवापालटास निघालेला, सर्वांना येथे उतरणे सोयीचे होते. घाटावरून फिरून येण्यापेक्षा पाण्याने येणे स्वस्त व सुखाचे असे.

आता नाक्याकडे वळू. कोकणातील कोणतेही खाडीबंदर घ्या, त्याच्या चौकाची मांडणी बहुधा एकाच साच्याची असते, आणि धरमतरला समजून घ्यावयाचे तर ती मांडणी समजून घ्यावी लागते. धक्क्याच्या तोंडाशी जकातीची चौकी असे. त्या काळच्या सरकारी नोंदीत पेण व नागोठणे ही दोन बंदरे मिळून सांकशीचा एक जकात विभाग होता. चौकीत शिपाई, कारकून, तोलकाटा. मीठ हे या भागाचे मोठे उत्पन्न, आणि मिठावर सरकारची कर डोळ्यांत तेल घालून राखलेली. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने तर आगरावरील मिठाचा प्रत्येक ढीग सरकारी नजरेखाली आला. स्वतःच्या अंगणापलीकडे पांढरे डोंगर दिसत असता आपल्या घरातील मासळी खारविण्यास मूठभर मीठ उचलणे हा गुन्हा ठरावा, ही परिस्थिती आपल्या वडिलांनी भोगली आहे. हा कर १९४७ च्या एप्रिलमध्ये उठला.

चौकीनंतर वखारी. वखारींत काय साठविले जाई हे पाहिले म्हणजे जिल्ह्याची प्रकृती कळते. बाहेर जाणारा माल म्हणजे भात व तांदूळ, मीठ, जळाऊ लाकूड, गवत, भाजीपाला, फळे आणि सुकी मासळी. आत येणारा माल म्हणजे मलबारी साग, पुणे-नाशिककडील तांब्यापितळेची भांडी, खजूर, कापड, तेल, लसूण, बटाटे, हळद, साखर व गूळ. या याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. जे जाते ते बहुतांशी माती, पाणी व अंगमेहनत यांतून निघालेले. जे येते ते दुकानातून विकत घ्यावयाचे. वखारीचा मालक या दोहोंच्या मध्ये बसलेला असे. भाताच्या मोसमाआधी अगर पावसाळ्यात, जेव्हा होड्या ओढून शाकारून ठेवलेल्या असत, तेव्हा तो उचल देई, आणि मोसम आला की माल त्याच्याच ओट्यावर उतरे. मी सरसकट सर्व व्यापाऱ्यांस दोष देत नाही. उधाणात घर गेलेल्यास धान्य देणारेही त्यांच्यात होते. परंतु वखारीची भिंत दगडी आणि कोळ्याचे घर कुडाचे, हा भेद आपोआप झाला नाही, एवढे म्हणावयास हवे.

यानंतर उतारूंचा पसारा: बैलगाड्या व छकडे यांचा तळ, चहाची दुकाने, खानावळ, वरिष्ठांसाठी बंगला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत त्यांत मोटारींची भर पडली. बोट लागली की मोटारवाल्यांची हाकाटी सुरू. या मोटारधंद्याचा एक प्रसंग सांगणे भाग आहे, कारण तो आपल्या नाक्याच्या दारावरून गेला. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले. धरमतरवरून जाणारा मार्ग जवळचा होता. तरी ते आपल्या सहकाऱ्यांसह ‘पद्मावती’ बोटीने समुद्रमार्गे दासगावास गेले. धरमतर मार्गावरील मोटारमालकांचे असहकार्य हे त्याचे कारण सांगितले जाते. बंदर सर्वांस वाट देते खरे. पण बंदरावर धंदा करणारा ती सर्वांस देईलच असे नाही. धरमतरचे गुणगान करताना हे पानही फाडून टाकू नये.

आणि आता नाक्याचा तो भाग, ज्यास भिंत नाही, छप्पर नाही, म्हणून ज्याची गणना कोणी इमारतींत करीत नाही. चौकी, वखारी व दुकाने यांच्या मागे, पाण्याच्या कडेला, होड्या ओढण्याची उतरण. जाळी सुकविण्याची व तुणण्याची सावली. जवळा पसरण्याचे शेणाने सारवलेले खळे. खाडीच्या तोंडाशी रेवस, बोडणी, करंजा येथे बोंबील दोरीवर चढत. आत धरमतरकडे कोळंबी, करंदी, जवळा, बोय, चिंबोरी, निवटी ही संपत्ती. डोल कोठे लावावयाची, खुंट कोणाचा, पाग कोणत्या वळणावर टाकावयाचा हे पिढ्यानुपिढ्या ठरलेले असे, आणि ते मोडल्यास पंचांपुढे बसावे लागे. पाटी डोक्यावर घेऊन पोयनाड, पेण, नागोठण्याच्या बाजारांस जाणाऱ्या आपल्या बाया हा या व्यवस्थेचा कणा. पुरुषाने मासळी आणावी, परंतु तिचे पैसे करावे बाईने. हिशेब तिच्या तोंडी, रोकड तिच्या कनवटीस. पुष्कळ वर्षे मी शाळेत अंकगणित शिकविले. पाटीवरील वाट्यांचा भाव, उधारी व परतफेड मनातल्या मनात बिनचूक जुळविणारी स्त्री पाहिली म्हणजे आमच्या उदाहरणांच्या पुस्तकाची मला गंमत वाटे.

हाच भाग खारबांधासही लागू आहे. पेण तालुक्यात खाजणे बांधून भातशेती करण्याची जुनी रीत, आणि तिच्यासाठी शिलोत्री या नावाची स्वतंत्र धारापद्धती होती. बांध सर्वांचा, उघाडी सर्वांची, उधाणाने बांधास खांड गेली की घरटी माणूस बाहेर पडे. हे काम करणारे आपले आगरी शेजारी व आपण, यांच्यात बांधावर भेद राहत नसे. याच खाडीच्या पश्चिमेस चरी येथे १९३३ पासून १९३९ पर्यंत कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा संप चालविला व नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले, हे सर्वश्रुत आहे. तो लढा शेतकऱ्यांचा म्हणून ओळखला जातो. परंतु शेती बुडाली त्या वर्षांत अनेक कुटुंबांना आधार दिला तो खाडीने आणि जळाऊ लाकडाच्या मोळीने, हे त्या टापूतील म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येत असे. १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा झाला व बांधांची जबाबदारी सरकारी मंडळाकडे जाऊ लागली. त्यानंतर गावकीचा बांधावरील हक्काचा हात हळूहळू सुटत गेला.

बंदराचे एक तोंड येथे, तर दुसरे तोंड मुंबईस होते. ते म्हणजे भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी गेल्याच्या मागील शतकाच्या चौथ्या दशकात मुंबईच्या पूर्व किनाऱ्यास भराव घालून धक्के उभारले, आणि त्यांचे नाव तेथे कायमचे राहिले. (आजचा धक्का माझगावाकडे सरकलेला आहे.) आपल्याकडील मासळी या बाजूने शहरात शिरे व क्रॉफर्ड मार्केटपर्यंत जाई. १८६९ साली उघडलेली ती इमारत आज महात्मा फुले मंडई या नावाने उभी आहे. तिच्या दर्शनी भागावरील शिल्पे पाहावयास लोक दुरून येतात. परंतु तिच्या फरशीवर पाणी शिंपून मासळी मांडणाऱ्या स्त्रिया कोणत्या बंदरांतून आल्या हे कोठेही कोरलेले नाही.

या पाणमार्गाने आपल्याकडून किंमतही घेतली. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या तोंडावर, सकाळी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकानजीक उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले असता कुलाबा जिल्ह्यातील घरोघर सुतक होते. त्या वेळी मुंबईकडे मासळी नेणाऱ्या रेवसच्या कोळ्यांनी आपली मासळी पाण्यात लोटून बुडणाऱ्यांना होड्यांत ओढले. एका दिवसाच्या मालाचे मोल काय असते हे ज्यास ठाऊक आहे, त्यास या कृत्याची थोरवी सांगावी लागणार नाही.

धरमतरच्या उतरणीची कहाणी थोडक्यात सांगता येते. १९४८ पासून एस. टी. सुरू झाली. पुढे खाड्यांवर पूल आले, पनवेलवरून मोटारमार्ग सुधारला, १९७० नंतर वाशीच्या पुलाने मुंबई थेट जोडली, १९८० नंतरच्या दशकात रेल्वे पेणवरून रोह्यास पोहोचली. उतारूंस भरतीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. रेवसची बोट टिकली, मांडव्यास २०२० मध्ये मोटारी वाहणारी रोरो सेवा आली. धरमतर मात्र उतारूंच्या नकाशावरून पुसले गेले. नाका वडखळास सरकला, आणि तेथे तो उपहारगृहांच्या रूपाने भरभराटीस आला.

तथापि बंदर म्हणून धरमतर मेले नाही. उलट त्याचा व्याप पूर्वी कधी नव्हता इतका वाढला आहे. १९९० नंतरच्या दशकात शेजारी डोलवी येथे पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला. २०१० साली तो जेएसडब्ल्यू समूहाकडे आला. कारखान्याच्या जेट्टीस खनिज व कोळसा वाहणाऱ्या बार्जेस लागतात. समोर शहाबाजच्या काठावरही खाजगी बंदर झाले आहे. या उद्योगांनी नोकऱ्या दिल्या, आपल्यातील अनेक मुले तेथे काम करतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बार्जेसची ये-जा सतत असलेल्या पाण्यात डोलीचा खुंट रोवणे पूर्वीसारखे राहिलेले नाही, हेही तितकेच खरे. खाडीचा मध्यभाग मोठ्या बोटींचा, आणि कड तेवढी होडीची, अशी वाटणी आता पडून गेली आहे.

येथे इतिहास केवळ स्मरणरंजनाचा विषय राहत नाही. समुद्र-किनारा नियमनाची जी अधिसूचना केंद्र सरकारने ६ जानेवारी २०११ रोजी काढली, तिच्यात किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांवर मच्छीमार गावे, त्यांच्या सामाईक जागा, मासळी उतरविण्याचे धक्के, बर्फाचे कारखाने व मासळी वाळविण्याच्या जागा दाखविण्यात याव्यात असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ज्या खळ्यास आजवर कोणी इमारत मानले नाही, त्यास प्रथमच नकाशात बसण्याचा अधिकार मिळाला. परंतु नकाशा काढणारा विचारणार की, ही जागा वहिवाटीची कशावरून? उरण परिसरातील मच्छीमार कुटुंबांनी बंदरविस्तारामुळे झालेल्या नुकसानीबद्दल राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, तेव्हा २०१५ साली १,६३० कुटुंबांना मिळून ९५ कोटी रुपयांहून अधिक भरपाईचा आदेश झाला. त्या कामी परंपरागत मासेमारी आपण कोठे व कशी करीत होतो हे दाखवावे लागले. वखारवाल्याजवळ खरेदीखत असते, कारखान्याजवळ करारनामा असतो. आपल्याजवळ काय आहे?

काहीच नाही असे मात्र नव्हे. तरीच्या मक्त्याच्या अगर मजुरीच्या पावत्या, होडीच्या नोंदणीचे दाखले, मच्छीमार सहकारी सोसायटीच्या भागांची प्रमाणपत्रे, पंचांच्या निवाड्यांच्या वह्या, बोटीच्या पासावरील चिठोऱ्या, लग्नकार्यात धक्क्यावर काढलेली छायाचित्रे, यांपैकी एखादी वस्तू अनेकांच्या पेटीच्या तळाशी पडून असेल. भूमापन खात्याच्या जुन्या गावनकाशांच्या नकला अर्ज केल्यास मिळतात. त्यांत ‘बंदर’, ‘तर’, ‘खाजण’ असे शब्द कोठे लिहिले आहेत ते पाहावे. उन्हाळ्याच्या सुटीत गावी येणाऱ्या महाविद्यालयीन मुलांनी तो नकाशा पसरून ऐंशी वर्षांवरील एखाद्या आजोबांच्या व एखाद्या आजीच्या पुढे बसावे: त्यांना खुंटांच्या जागा, जाळी सुकविण्याची जागा व खळे यांवर बोट ठेवावयास सांगावे, मुलांनी तेथे पेन्सिलीने खूण करावी, आणि खाली सांगणाऱ्याचे नाव, वय व दिनांक लिहून त्यांचा अंगठा अगर सही घ्यावी.